चाकामागचं लिंबू

नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवायचं, गाडी त्यावरून घालायची आणि ते फुटलं की सगळ्यांनी समाधानाने पेढे खायचे, ही आपल्याकडची रीत. दसऱ्याला नाशकात गाड्यांच्या शोरूमबाहेर नुसता लिंबांचा चिखल झालेला असतो. आमच्या घरमालकीणबाईंचं सगळंच उलटं. त्या लिंबू चाकाच्या पुढे नाही, मागे ठेवायच्या. आणि तेसुद्धा वर्षातून एकदा नाही, गाडी काढायची त्या प्रत्येक दिवशी.

त्यांचा बंगला गंगापूर रोडला, एका उतारावरच्या कॉलनीत. गॅरेज रस्त्याच्या खालच्या अंगाला होतं, त्यामुळे गाडी बाहेर काढायची तर सिमेंटचा चांगला उभा चढ चढावा लागायचा. बाई गाडी चढाच्या मधोमध आणून थांबवायच्या. हँडब्रेक लावून खाली उतरायच्या, स्टीलच्या डब्यातलं एक लिंबू काढायच्या आणि मागच्या चाकाच्या मागे बोटभर अंतरावर ठेवायच्या. मग पुन्हा आत बसून हँडब्रेक सोडायच्या आणि गाडी नुसत्या पायाच्या ब्रेकवर धरायच्या. आता डावा पाय क्लचवरून हळूहळू वर घ्यायचा, क्लच पकडतोय असं कळलं की उजवा पाय ब्रेकवरून काढायचा, आणि गाडी तसूभरही मागे न येता पुढे गेली पाहिजे. लिंबू शाबूत राहिलं की ते स्वयंपाकघरात जायचं. मी त्या घरात जेवढे पोहे खाल्ले ते सगळे परीक्षा पास झालेल्या लिंबांचे होते.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. आम्ही निफाडकडचे, घरी द्राक्षबाग, पण मला मातीत हात घालायचा कंटाळा, म्हणून इंजिनिअर झालो आणि अंबडच्या एका कारखान्यात हायड्रॉलिकच्या नळ्या तपासायच्या नोकरीला लागलो. मी स्वभावाने किरकिरा आहे, हे आधीच सांगून टाकतो. रविवारी सकाळी कुणी हाक मारली की माझं डोकं फिरतं. आणि बाई नेमक्या रविवारी सकाळीच हाक मारायच्या.

बाई दातांच्या डॉक्टर. साठी उलटलेली, केस पुरुषांसारखे बारीक कापलेले, अंगात बिनइस्त्रीचा पंजाबी ड्रेस. खालच्या मजल्यावर दवाखाना आणि गॅरेजात ती गाडी. लाल, दोनच माणसांची, छप्पर मागे ढकलता येणारी, सहा गिअरची स्पोर्ट्स कार. मुंबईच्या कुणा हौशी माणसाकडून त्यांनी ती जुनी घेतली होती. यजमान गेल्यावर वर्षाच्या आतच घेतली, म्हणून कॉलनीत बरंच बोललं गेलं होतं. बाई म्हणायच्या, "लोक नवरा गेला की काशीला जातात. मी तिसऱ्या गिअरला गेले."

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मटण शिजवतोस का तेही विचारलं नाही. सरळ गॅरेजात नेलं आणि म्हणाल्या, "चपला काढ. बस. क्लच दाब."

मी बसलो. दाबला.

"काय म्हणतंय?"

"कोण?"

"पेडल."

मला वाटलं बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. मी म्हटलं, "जरा विचित्र जातंय. पण हायड्रॉलिक आहे मॅडम, असंच असतं."

"असंच असतं म्हणणाऱ्या माणसाला मी खोली देत नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा दाब. डोळे मिटून."

राग आला होता, पण अंबडला जायला ती जागा सोयीची होती. डोळे मिटून दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग जे कळलं ते सांगितलं. सुरुवातीला पेडल नीट विरोध करतं, मग मध्येच कुणीतरी आतून ओढून घेतल्यासारखं खाली जातं. वर येताना बराच वेळ काहीच कळत नाही. आणि पेडल ज्या खिळीवर फिरतं तिथे कुठेतरी ढिलं आहे, पेडल डावी-उजवीकडे डुलतं.

बाई खूश झाल्या. "सामान कधी आणतोस?" म्हणाल्या.

त्यांना बधिरपणाचा राग होता. सगळ्याच बधिर गोष्टींचा. नळ फिरवताना पाणी कुठे सुरू होतं ते हाताला कळलं नाही की नळ बदलायच्या. कुकरचं झाकण, दाराची कडी, फ्रीजचं दार, सगळं दाबून बघायच्या आणि नापास करायच्या. गंमत म्हणजे दिवसभर त्यांचा धंदा लोकांना बधिर करायचा. इंजेक्शन द्यायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, आणि हा जो मधला वेळ असतो, ज्यात माणसाचं तोंड वाकडं होतं आणि त्याला धड बोलता येत नाही, तेवढ्या वेळात बाई त्याला क्लचबद्दल सांगायच्या. कॉलेज रोडपासून सातपूरपर्यंत कितीतरी माणसं अशी असतील, ज्यांना गाडी चालवता येत नाही पण क्लचच्या नळीत हवा शिरली तर काय होतं ते पाठ आहे.

एकदा एक ड्रायव्हिंग स्कूलवाले गृहस्थ दाढ दुखते म्हणून आले होते. मी तेव्हा कशाला तरी दवाखान्यात उभा होतो. ते म्हणाले, "मॅडम, या वयात कशाला ते क्लचचं झंझट? ऑटोमॅटिक घ्या. पाय हलवायला नको."

बाई म्हणाल्या, "बरं. तुमचीही सगळी बत्तिशी काढते आणि कवळी देते. दुखायला नको."

"तसं कसं?"

"का? कवळीने चावता येतं की. फक्त काय चावतोय ते कळत नाही." आणि पायाखालचा खटका दाबून त्यांनी मशीन सुरू केलं. गृहस्थांनी मुकाट्याने आ केला.

तर त्या पेडलचा आजार. साध्या शब्दांत सांगायचं तर क्लचच्या पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक नळी जाते, तिच्यात तेल असतं. पाय दाबला की वरच्या सिलिंडरमधून तेल ढकललं जातं, ते खालच्या सिलिंडरला ढकलतं, क्लच सुटतो. पाय वर घेतला की क्लच पकडतो. हे पकडणं नेमकं कुठे सुरू होतं ते पायाला कळणं, एवढीच मागणी. पण कंपनीने पाय दुखू नये म्हणून पेडलला एक मदतीची स्प्रिंग लावली होती, ती अर्ध्या वाटेवर पेडल स्वतःच गिळायची. नळीच्या मधे एक बारीक भोकाची चकती बसवली होती, तिच्यामुळे तेल सावकाश परत यायचं आणि पाय वर येऊन गेल्यावर मागाहून क्लच पकडायचा. नवशिक्याने पाय झटकन सोडला तरी गाडी उसळू नये म्हणून ही सोय. बाईंचं मत असं, की नवशिक्यांना झटका बसू नये म्हणून बाकी सगळ्यांना बधिर करून ठेवलंय.

या आजारावर आम्ही तिघांनी मिळून रविवार घालवले. तिसरा म्हणजे रामनाथ मिस्त्री. त्याचं गॅरेज अंबड लिंक रोडला, गाव सिन्नरकडे, आवाज मोठा आणि स्वतःच्या अकलेवर फार प्रेम. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, काळजीच करू नका. असा हलका करून देतो ना क्लच, लोण्यावानी."

"लोणी नको," बाई म्हणाल्या. "मला कळलं पाहिजे."

"काय कळलं पाहिजे?"

"तेच सांगते. बस खाली."

रामनाथ बसला आणि अर्धा तास ऐकत राहिला. उठला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "लय अवघड काम हाय." गाडीबद्दल म्हणाला की बाईंबद्दल, ते मी विचारलं नाही.

मी आमच्या कारखान्यातून, साहेबांना सांगून, वरून स्टीलची जाळी विणलेली नळी बनवून आणली. मूळची रबरी नळी तेलाच्या दाबाने थोडी फुगायची, त्यात पायाचा जोर वाया जायचा. पेडलच्या खिळीवरची प्लॅस्टिकची कडी, म्हणजे बुश, झिजली होती, तिथे रामनाथने गनमेटलचा बुश लेथवर घासून बसवला. ती बारीक भोकाची चकती काढून टाकली. मग तेल बदलून हवा काढायची. मी पेडलवर, रामनाथ गाडीखाली. "दाबा. धरा. सोडा," असं तो खालून ओरडायचा आणि बाई वरच्या सिलिंडरच्या तेलडबीत नवं तेल ओतत उभ्या असायच्या, दवाखान्यातल्या मोठ्या सिरिंजने, हातात रबरी मोजे घालून. नळीतून शेवटचे बुडबुडे निघाले की त्या मोजे काढून टाकायच्या आणि रामनाथला म्हणायच्या, "आता चूळ भर, चहा घे."

दर वेळी पेडल थोडं सुधारायचं. दर वेळी बाई अनवाणी पायाने दाबून बघायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाही."

मला हे हट्टाचं वाटायला लागलं होतं. पेडल आता चांगलंच होतं, मला तर उत्तम वाटत होतं. रविवार जात होते, धुणं पडत होतं. एकदा मी तोंडावर म्हटलंही, "मॅडम, तुमचं समाधान होणार नाही. माझं झालं." त्यांनी पुन्हा पेडल दाबून बघितलं.

मग तो मे महिन्यातला दिवस. भर दुपारी दूधवाल्याशी कशावरून तरी वाद चालला होता म्हणून बाई अनवाणीच त्या सिमेंटच्या चढावर आल्या होत्या. मीही तसाच धावत खाली आलो. सिमेंट असं तापलेलं की माझे पाय भाजले, मी नुसता नाचायला लागलो. बाई बोलता बोलता उजवा पाय उचलायच्या, टेकवायच्या, पुन्हा उचलायच्या. डावा मात्र होता तिथेच टेकलेला. दूधवाला निघून गेला तरी माझी नजर त्या पायावरून हलेना. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाकडे बघितलं, आणि घाईने सावलीत गेल्या.

संध्याकाळी बोलावलं. दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीत स्वतः बसल्या होत्या. डाव्या तळव्याला फोड आले होते, त्यावर मलम.

"आयुष्यभर डावीकडे वाकून लोकांच्या तोंडात बघितलं," त्या म्हणाल्या. "कमरेत शीर दाबली गेलीय. आधी दुखायचं. मग दुखायचं थांबलं, मी वेडी खूश झाले. ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाले उशीर झाला, आता जे गेलंय ते परत येण्याची खात्री नाही. बोटं आणि चवडा गप्प आहेत. मी लोकांना इंजेक्शन देते ते दोन तासांत उतरतं. हे उतरणार नाही."

मी एवढंच विचारलं, "आणि उजवा?"

"उजवा ठणठणीत. तपासून घेतलाय. ब्रेक उजव्या पायात असतो म्हणून तर अजून गाडीत बसते. लोकांच्या अंगावर गाडी घालून मला हौस भागवायची नाहीये." मग त्यांनी गुडघ्यावर थापटी मारली. "पण टाच आहे अजून. गुडघा आहे, मांडी आहे. पेडल इतकं सरळ बोललं पाहिजे की त्याचं बोलणं चवड्याला टाळून गुडघ्यापर्यंत पोचेल. म्हणून म्हणते, अजून नाही."

आता कळलं की त्या "अजून नाही" का म्हणत होत्या. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलेलं त्यांना आवडणार नाही हेही माहीत होतं, म्हणून मी म्हटलं, "रविवारी ती स्प्रिंग काढू."

त्या मदतीच्या स्प्रिंगला आम्ही तोवर हात लावला नव्हता. ती काढली तर पेडल चांगलंच जड होणार होतं. रामनाथने कानाला हात लावले. "ताई, ज्याचा पाय अधू त्याला हलकं करून द्यायचं असतं. तुम्ही जड करायला सांगता."

"हलक्यातलं मला काही कळत नाही रे," बाई म्हणाल्या. "जड असू दे. व्यायाम करते." आणि दुसऱ्या दिवसापासून पेशंट बसलेले असताना त्या डाव्या घोट्याला वाळूची पिशवी बांधून उभ्या राहायला लागल्या, मधूनच गुडघा वर-खाली करायच्या. पेशंट घाबरून काही विचारत नसत. अनवाणी चालवायचं मात्र त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं, कारण जखम झाली तर कळणार नव्हतं. पातळ तळव्याचे कापडी बूट आले. बूट घालून पहिल्यांदा गाडीत बसल्या तेव्हा त्यांचं तोंड कडू झालं होतं.

बाईंचा मुलगा बंगळूरला असायचा. एकुलता एक, आईवर जीव. पायाचं त्याला कळलं आणि त्याने फोनवर सांगून टाकलं की दसऱ्याला येतो, ही गाडी विकू आणि ऑटोमॅटिक घेऊ. बाई फोन स्पीकरवर ठेवून बोलत असत, त्यामुळे मला ऐकू यायचं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आई, चढावर गाडी मागे आली आणि मागे एखादं शाळेतलं पोर असलं, तर?"

बाई मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. असं कर. रस्ता तू निवड, चढ तू निवड. मागच्या चाकामागे लिंबू ठेव. चिरडलं तर किल्ली तुझ्या हातात, एक शब्द बोलणार नाही. नाही चिरडलं तर गाडी माझी."

मुलगा म्हणाला, "ठरलं."

स्प्रिंग काढली. पेडल जड झालं पण काय सरळ झालं म्हणून सांगू. वरपासून खालपर्यंत एकसारखं. क्लच पकडायला लागला की पेडल बारीकशी थरथरायचं, आणि रामनाथने पेडलमागची दांडी फिरवून ते ठिकाण नेमकं मधोमध आणून ठेवलं, जिथे गुडघा वाकलेला असतो. बाईंनी बूट घालून दाबलं, डोळे मिटले. या वेळी "अजून नाही" म्हणाल्या नाहीत. 

आणि इथे माती खाल्ली. वरच्या सिलिंडरमधून थेंबभर तेल गळतंय असं बाईंना दिसलं. त्यातला रबरी वायसर बदलायचा होता, रामनाथ गावी लग्नाला गेला होता, आणि थांबणं हा बाईंच्या स्वभावात प्रकारच नव्हता. त्यांनी सिलिंडर खोलला, सगळे भाग हिरव्या कापडावर ओळीने मांडले, उकळत्या पाण्यातून काढलेले चिमटे घेतले. नवा वायसर आत सरकेना. मी चहा करायला वर गेलो होतो. तेवढ्यात त्यांनी दवाखान्यातली जेली आणली. दात काढताना पेशंटचे ओठ फाटू नयेत म्हणून त्या ती ओठांना लावायच्या. तीच त्यांनी वायसरला लावली, तो सुळकन आत गेला, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत झाकण लागलेलंसुद्धा होतं.

आठवडाभर सगळं झकास चाललं. मग त्र्यंबक रोडच्या सिग्नलला, मी शेजारी बसलेलो असताना, बाईंनी क्लच दाबला आणि पेडल खाली जाऊन तिथेच बसलं. वर येईना, आणि क्लचही सुटेना.

"गेलं," बाई म्हणाल्या, जणू बस चुकली.

मागे हॉर्नचा गोंधळ. मी म्हटलं, "उतरतो, ढकलतो." त्या म्हणाल्या, "बसून राहा." इंजिन बंद केलं, गिअर पहिल्यात टाकला, सिग्नल हिरवा झाल्यावर तसाच स्टार्टर मारला. गाडीने दोन गचके दिले आणि निघाली. पुढचे गिअर त्यांनी इंजिनच्या आवाजावरून टाकले, क्लच न वापरता, आवाज जुळला की दांडी अलगद सरकवायची. पुढचा सिग्नल लांबून लाल दिसला की वेग इतका कमी करायच्या की आम्ही पोचेपर्यंत तो हिरवा व्हावा. एक रिक्षावाला शेजारून गेला, त्याने काय शिवी दिली ते इथे लिहीत नाही. घरी चढ उतरून गॅरेजात गाडी बंद केली तेव्हा माझा शर्ट भिजलेला होता.

"बिनक्लचची आणली की हो तुम्ही," मी म्हटलं. खरंच कौतुक वाटलं होतं.

"आणली. पण याला चालवणं म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या आणि सिलिंडर खोलायला बसल्या. वायसर भिजवलेल्या हरभऱ्यासारखा टम्म फुगला होता. आमच्या कारखान्यात हे मी रोज बघतो, या जातीच्या रबराला भलतं तेल लागलं की ते फुगतं. विचारलं तर त्यांनी जेलीची बाटली दाखवली. रामनाथ लग्नाहून आला आणि इतका हसला की गाडीला टेकून बसला. बाईंनी तो फुगलेला वायसर दवाखान्यात, पदवीच्या फ्रेमला दोऱ्याने बांधला आणि पेशंटना स्वतःहून दाखवायला लागल्या की ही माझी चूक.

पण दसरा तोंडावर आला होता. दोन्ही सिलिंडरचे सगळे वायसर बदलायचे, नळी धुवायची, पुन्हा हवा काढायची. सामान मुंबईहून यायचं होतं. ते आलं दसऱ्याच्या आदल्या दिवशी. रामनाथने स्वतःच्या गॅरेजातली पूजा पोराबाळांवर सोपवली आणि आमच्याकडे आला. बाईंनी त्याला जेवायला वाढलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाने हरसूलचा रस्ता सांगितला. त्र्यंबकच्या पुढे घाट लागतो, तिथे. घरचा चढ तुझ्या अंगवळणी पडलाय, तो चालणार नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. बाई पुढे लाल गाडीत एकट्या, छप्पर उघडं. मुलगा आणि मी त्याच्या भाड्याच्या गाडीत मागे. वाटेत तो मला म्हणाला, "तुम्हाला वाटत असेल मी आईच्या सुखाच्या आड येतोय." मी म्हटलं, "नाही वाटत." खरंच वाटत नव्हतं.

घाटात वळणाच्या अलीकडे त्याने हात केला. चांगला उभा चढ होता. मी मागे जाऊन येणाऱ्या गाड्यांना थांबवायला उभा राहिलो. हरसूलच्या बाजाराला निघालेली दोन-तीन माणसं थांबली. मुलगा लिंबू ठेवत होता ते बघून त्यातल्या एकाने विचारलं, "पूजा हाय का?" मुलगा म्हणाला, "हो."

पहिल्या वेळी इंजिन बंद पडलं. ब्रेकवर पाय होता, गाडी हलली नाही, लिंबू सलामत, पण याला पास म्हणता येईना. बाईंनी आमच्याकडे बघितलं नाही. मुलाने वाकून लिंबू आणखी पुढे सरकवलं, टायरला टेकवलंच. मला त्याचा राग आला, मग लिंबू ठेवून त्याने हात जोडलेले दिसले आणि राग गेला.

बाईंनी पुन्हा इंजिन सुरू केलं. मी आता गाडीच्या बाजूला येऊन उभा होतो, उघड्या गाडीत त्यांचा गुडघा मला दिसत होता. तो वर येत होता, इतका सावकाश की आधी मला वाटलं हलतच नाहीये. मग एका ठिकाणी थांबला. गाडीचा आवाज किंचित खाली गेला, मागचा भाग जरासा दबला. बाईंनी ब्रेकवरून पाय काढला. गाडी उभी. मागे नाही, पुढेही नाही. त्या भर चढावर, फक्त त्या डाव्या पायावर, त्यांनी गाडी तशीच धरून ठेवली आणि मान वळवून मुलाला विचारलं, "अजून किती वेळ धरू?"

"जा," मुलगा म्हणाला.

त्या गेल्या, वळणापलीकडे. मुलाने लिंबू उचललं, रुमालाने पुसलं आणि खिशात घातलं. वर पोचल्यावर आईला म्हणाला, "गाडी तुझी. पण लिंबू रोज ठेवायचं. मी इथे नसतो."

"रोज ठेवीन," बाई म्हणाल्या. "आणि चिरडलं तर मीच सांगेन."

पुढे माझं लग्न झालं, मी पाथर्डी फाट्याकडे राहायला गेलो. रविवार मोकळे झाले आणि खरं सांगतो, मला करमेना. बाई मधूनमधून फोन करायच्या. "काय म्हणतंय?" असं मी विचारायचो, आणि त्या पेडलचं सविस्तर सांगायच्या, पायाचं सांगायच्या नाहीत.

एका रविवारी सकाळी फोन आला. "ये," एवढंच. रामनाथलाही सांगू का विचारलं, तर नको म्हणाल्या.

गेलो. गाडी चढाच्या मधोमध उभी, हँडब्रेकवर. मागच्या चाकाखाली लिंबू पसरलेलं, बिया सिमेंटवर. बाई पायरीवर बसल्या होत्या, हातात किल्ली. कॉलनी सामसूम, कुणी बघितलं नव्हतं. एक मगभर पाणी ओतलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं, मलाही नाही. 

"मुलाला फोन केला," त्या म्हणाल्या. "सांगितलं. रडला तो. मी म्हटलं रडतोस काय, दात पडतात तेव्हा मी रडते का लोकांबरोबर." मग उठल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "चपला काढ. बस."

मी उजवीकडे बसलो. त्या वळसा घालून शेजारी येऊन बसल्या, पट्टा लावला आणि उजवा हात मधल्या गिअरच्या दांडीवर ठेवला.

"क्लच तुझा, गिअर माझा," त्या म्हणाल्या. "मी सकाळपासून विचार केलाय. दांडीला सगळं कळतं, हाताला काही झालेलं नाही. दाब."

इंजिन सुरू करून मी दाबला. त्यांनी पहिला गिअर टाकला.

"काय म्हणतंय?"

डोळे मिटले. सावकाश सोडत आलो. जड, सरळ, मधोमध ती बारीक थरथर. "पकडतोय," मी म्हटलं. "इथे."

"मलाही कळलं," त्या म्हणाल्या. त्यांचा हात दांडीवर घट्ट होता. मग मांडीवरचा स्टीलचा डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "जा, लिंबू ठेवून ये."

ठेवून आलो. हँडब्रेक सोडला, ब्रेकवर धरलं, क्लच वर घेतला, उजवा पाय काढला. गाडी मागे सरकली आणि खाली फट् झालं.

बाईंनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. डब्यातून दुसरं लिंबू काढून माझ्या हातात दिलं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.